गिअर बदलतांना होणारा त्रास : कारणें व परीक्षा

पूर्वीं शेतकऱ्याच्या दारांत बैलगाडी असे. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं तिच्या जागीं मालवाहू मोटारगाडी उभी दिसते. बैलाचा खांदा सुजला तर तें ओळखण्याचें ज्ञान आपणांस वाडवडिलांकडून मिळालेलें आहे. परंतु गाडीचा गिअर अडूं लागला म्हणजे आपण अगदीं परस्वाधीन होतों आणि मिस्त्री सांगेल तो खर्च निमूटपणें करतों. गिअरपेटी उतरविण्याचें काम मोठ्या मजुरीचें आहे. तें खरोखरच अवश्य आहे कीं नाहीं, हें ठरविण्याच्या कांहीं साध्या परीक्षा येथें देत आहों.

प्रथम रचना ध्यानांत घ्यावी. इंजिनाचें जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, व गिअरपेटींत जाणारा दांडा यांच्या मध्यें क्लचप्लेट असते. पेडल वर असतां ती घट्ट दाबलेली असल्यामुळें दोन्ही एकत्र फिरतात. पेडल दाबलें कीं ती सुटी होते व इंजिनाची शक्ति पेटींत जाण्याचें थांबतें. मग आंतील चक्रांचा वेग जुळवून एक गिअर सोडवितां व दुसरा गुंतवितां येतो. हा वेग जुळविण्यासाठीं पूर्वीं चालकाला दोनदां क्लच दाबावा लागे. १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत तें काम आपोआप करणारी योजना प्रथम आली. आज तें काम बहुधा पितळेचीं बारीक कडीं करतात.

पहिली परीक्षा : गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावे. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, सर्व गिअर एकामागून एक घालून पाहावे. (रिव्हर्स मात्र दांत्यावर दांता आल्यामुळें एखादे वेळीं बसत नाहीं; तो दोष समजूं नये.) नंतर इंजिन चालू करून तेंच पुन्हां करावें. इंजिन बंद असतां गिअर सहज पडतात आणि चालू असतां अडतात, तर क्लच पुरता सुटत नाहीं असें समजावें. दोन्ही वेळीं सारखेच अडत असतील, तर दोष दांड्याच्या जोडणींत किंवा पेटींत आहे.

दुसरी परीक्षा : क्लचचा संशय आल्यास इंजिन मंद चालू ठेवून पेडल तळापर्यंत दाबावें, पांच सेकंद थांबावें व मग रिव्हर्स घालावा. करकर आवाज झाला तर संशय खरा. अशा वेळीं प्रथम क्लचची केबल ढिली झाली आहे काय तें पाहावें. ऑइलवर चालणारा क्लच असेल तर भांड्यांतील ऑइलची पातळी पाहावी. ती उतरली असेल तर बहुधा कोठें तरी गळती असते. नुसती भर घालून भागत नाहीं. कित्येक गाड्यांत क्लच व ब्रेक यांचें भांडें एकच असतें, म्हणून या गळतीची उपेक्षा मुळींच करूं नये. नळींत हवा शिरली असली तरी हाच त्रास होतो. ती काढून टाकावी. एवढें करूनहि दोष राहिला तरच प्लेटचा विचार करावा.

तिसरी परीक्षा : थंडीच्या दिवसांत सकाळीं गिअर जड पडतात व गाडी थोडी चालल्यावर सैल होतात, तर दोष बहुधा वंगणाचा असतो. तें कमी आहे किंवा चुकीच्या जातीचें आहे काय, हें पाहावें. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच वंगण वापरावें. मागच्या आसासाठीं असलेलीं कांहीं वंगणें पितळी कड्यांना बाधतात. गाडी गरम झाल्यावरहि गिअर जडच राहिले, तर दांड्याची केबल, सांधे व बूश तपासावे.

चौथी परीक्षा : बाकीचे गिअर नीट पडून एकच करकरतो, तर त्याचें कडें झिजलें असावें. घातलेला गिअर आपोआप सुटत असेल, तर जोडणी बिघडली आहे, इंजिनाचा आधार ढिला झाला आहे, किंवा आंतील दांते अथवा स्प्रिंग झिजली आहे. पहिल्या दोन गोष्टी बाहेरून पाहतां येतात. तिसरीसाठीं पेटी उघडावीच लागते. ह्या दोषाकडे दुर्लक्ष करणें प्राणावर बेतूं शकतें. नाशिककडून कांदा भरून मुंबईस निघालेली गाडी कसारा घाट उतरतांना खालच्या गिअरमुळें इंजिनच तिला आवरून धरतें. तो गिअर मध्येंच सुटला तर सगळा भार ब्रेकवर येतो, आणि सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून असा गिअर दुरुस्त होईपर्यंत माल भरूं नये.

आतां संवयीविषयीं. क्लचवर पाय ठेवून गाडी हांकूं नये. त्यानें प्लेट व बेअरिंग झिजतात. गिअरच्या दांड्यावर हात विसावूं नये. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स घालूं नये. भरलेली गाडी चढावर अर्ध्या क्लचवर तोलून धरूं नये. त्यासाठीं हातब्रेक आहे.

तात्पर्य, मिस्त्र्याकडे जातांना "गिअर पडत नाहीं" एवढेंच सांगूं नये. कोणता गिअर, इंजिन चालू असतां कीं बंद असतां, थंड असतां कीं गरम झाल्यावर, इतकें नीट सांगतां आलें तर अर्धें निदान झालेंच. रोग्याचें लक्षण जो नीट सांगतो त्यालाच वैद्याचा गुण लवकर येतो.