नावावरून क्लास, क्लासवरून ऑब्जेक्ट

समजा, तुमच्या प्रोग्रॅमला अहवाल कधी एक्सेलमध्ये, तर कधी पीडीएफमध्ये काढायचा आहे आणि कोणता प्रकार हवा, ते सेटिंग्जच्या फाइलमधून ठरतं. नवा प्रकार आला की इफ-एल्स वाढवत बसण्यापेक्षा क्लासचा पूर्ण पत्ताच स्ट्रिंग म्हणून ठेवा: ‘अहवाल.पीडीएफ.पीडीएफलेखक’. जँगोच्या सेटिंग्जमध्ये मिडलवेअरची यादी अशीच असते. पुढचं काम पायथनकडून असं करून घ्या.

१. स्ट्रिंग तोडा. आरस्प्लिट वापरा आणि मर्यादा १ द्या, म्हणजे फक्त शेवटच्या टिंबावर तुकडा पडेल. डावीकडे मॉड्यूलचा पत्ता, उजवीकडे क्लासचं नाव.

२. मॉड्यूल आणा. डावा तुकडा इम्पोर्टलिबमधल्या ‘इम्पोर्ट_मॉड्यूल’ या फंक्शनला द्या. जुन्या कोडमध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेलं इम्पोर्ट दिसतं. त्याच्याकडे ‘अहवाल.पीडीएफ’ मागितलं, तरी ते एरवी वरचं ‘अहवाल’ पॅकेजच परत देतं. मॉड्यूलनॉटफाउंडएरर आली तर लगेच पत्त्याला दोष देऊ नका. मॉड्यूल सापडलं, पण त्याला लागणारी लायब्ररी बसवलेली नाही, तेव्हाही हीच एरर येते. नेमकं काय सापडलं नाही, ते एररच्या ‘नेम’ या ॲट्रिब्यूटमध्ये कळतं.

३. क्लास काढा. गेटॲटरला मॉड्यूल आणि उजवा तुकडा द्या. क्लासचं नाव चुकलं असेल तर ॲट्रिब्यूटएरर येईल.

४. तपासा. मिळालेली गोष्ट क्लासच आहे ना आणि ती तुमच्या मूळ ‘लेखक’ क्लासपासून निघाली आहे ना, हे इसइन्स्टन्स आणि इससबक्लासने पाहा. क्रम हाच ठेवा. क्लास नसलेली गोष्ट इससबक्लासला दिली तर टाइपएरर येते.

५. ऑब्जेक्ट बनवा. आतापर्यंत हाती फक्त क्लास आहे, कंस लावून कॉल केल्यावरच इन्स्टन्स तयार होतो. पॅरामीटर डिक्शनरीत असतील तर कंसात तिच्यापुढे दोन तारे लावा. मेथड कॉल केल्यावर ‘सेल्फ’ मिळाला नाही अशी तक्रार आली, तर बहुधा हे कंसच राहिलेले असतात.

दोन गोष्टी सांभाळा. वापरणाऱ्याने टाइप केलेला पत्ता थेट इम्पोर्ट करू नका. मॉड्यूल पहिल्यांदा इम्पोर्ट होतानाच त्यातला वरच्या पातळीवरचा कोड चालतो, त्यामुळे चौथ्या पायरीवरची तपासणी तिथे उशिराची ठरते. त्याऐवजी ‘पीडीएफ’, ‘एक्सेल’ अशा ठरावीक नावांची डिक्शनरी ठेवा आणि पत्ता तिच्यातूनच घ्या.

दुसरं म्हणजे रीलोड. मॉड्यूल रीलोड केल्यावर त्याच नावाचा नवा क्लास तयार होतो, पण आधीचे ऑब्जेक्ट जुन्याच क्लासचे राहतात. नव्या क्लासशी ताडून पाहिलं, की इसइन्स्टन्स त्यांना ‘फॉल्स’ म्हणतं. चालू सर्व्हरवर कोड बदलायचा असेल, तर प्रोसेस सरळ रीस्टार्ट करा.