गाठ त्यांची त्यांना मारू द्या

पदवीचं शेवटचं वर्ष संपत आलं की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो: आता पुढे काय? उत्तरंही ठरलेली असतात. एमबीए, परदेशात एमएस, स्पर्धा परीक्षा, नाहीतर कॅम्पसमधून लागलेली नोकरी. अशा वेळी मुलीनं ‘मला वर्षभर फिरायचंय, एकटीनं’ असं म्हटलं, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. आजीला लग्नाचं वय आठवतं. बाबांना बायोडेटातली गॅप दिसू लागते. आई गप्प असते, कारण तिच्या डोळ्यांपुढे रात्रीचं अनोळखी स्टेशन उभं राहिलेलं असतं.

मी अशीच एक आई. माझ्या लेकीनं पदवीनंतरचं वर्ष प्रवासात घालवलं. ज्यांच्या घरी हा विषय आज निघालाय किंवा उद्या निघणार आहे, त्यांच्याशी चार गोष्टी मनापासून बोलाव्यात असं फार दिवस मनात होतं.

हे काही आजकालच्या मुलांचं खूळ नाही. १९१५च्या जानेवारीत गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून कायमचे परतले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांच्याकडून शब्द घेतला होता: वर्षभर देश हिंडायचा, बघायचं, ऐकायचं, सार्वजनिक प्रश्नांवर बोलायचं नाही. पुढच्याच महिन्यात गोखले गेले. गांधीजींनी शब्द पाळला आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून ते देशभर फिरले. तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते, बॅरिस्टर होते, एक मोठा लढा लढून आलेले होते. अशा माणसालाही देश समजून घ्यायला एक वर्ष हवं, असं गोखल्यांना वाटलं. आपल्या एकवीस वर्षांच्या मुलांना मात्र आपण थेट पळायला उभं करतो. कुठे पळायचं ते त्यांना कळलंय का, हे विचारायची आपल्याला सवडच होत नाही.

फिरणं म्हणजे सहल नव्हे, हे मात्र आधी घरात नीट बोलून घ्यायला हवं. टूर कंपनीची बस, ठरलेलं हॉटेल, ताटात रोज वरणभात आणि आईबाबांचं कार्ड खिशात, असं वर्ष घालवून कोणी स्वतंत्र होत नाही. आमच्याकडे पैशांचा विषय पहिल्याच दिवशी निघाला. काही पैसे तिनं शिकवण्या घेऊन साठवले होते, काही आम्ही दिले, आणि आमचे पैसे एकदाच, एकरकमी दिले. संपले की परत यायचं, किंवा कुठेतरी काम करून मिळवायचे. स्लीपरचा डबा, यूथ हॉस्टेल, डॉर्मिटरीतली खाट, गुरुद्वाऱ्यातला लंगर आणि कोणाकोणाच्या घरचा ओटा, यांवर तिनं वर्ष काढलं. पुण्यातल्या एखाद्या खासगी कॉलेजच्या वार्षिक फीपेक्षा हा खर्च कमी झाला, हे पैशांची काळजी करणाऱ्या बाबांसाठी मुद्दाम सांगते.

ज्यांना एवढंही जमणार नाही, त्यांच्याही मुलांना वाटा आहेत. बाबा आमट्यांनी सुरू केलेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी चंद्रपूर जिल्ह्यात दर मे महिन्यात भरते. अभय आणि राणी बंग यांच्या ‘निर्माण’ या उपक्रमातून कित्येक तरुण गडचिरोलीच्या खेड्यांपर्यंत पोचले आहेत. आणि आषाढीची वारी तर आपल्या दारावरून जाते. आळंदी ते पंढरपूर चालत गेलेल्या मुलाला पाठीवरचं ओझं, पायाचे फोड आणि परक्याच्या हातची भाकरी यांतून जे कळतं, त्याला तिकीट लागत नाही.

माझ्या लेकीचं वर्ष उत्तरकाशीला सुरू झालं. तिथे १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल तिथेच शिकल्या. प्राथमिक अभ्यासक्रम अठ्ठावीस दिवसांचा. लेकीनं कॉलेजात असतानाच नाव नोंदवून ठेवलं होतं. टेखला नावाच्या जागी कड्यावर चढायला शिकवतात, मग दोक्रियानीच्या हिमनदीवर नेतात, आणि आपलं सामान आपल्याच पाठीवर असतं.

टेखलाचा पहिला दिवस तिनं मला नंतर बारकाईनं सांगितला. कमरेला हार्नेस, त्याला दोर बांधायचा तो इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या गाठीनं. तिथल्या प्रशिक्षकांना उस्ताद म्हणतात. उस्ताद ही गाठ बांधून देत नाहीत. ती आपली आपण मारायची. दोराचे दोन्ही पदर एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसलेत ना, ते पाहायचं. टोकाला वीतभर दोर सुटा ठेवायचा. मग उस्ताद येतात, बोटांनी गाठ चाचपतात. चुकली असेल तर दुरुस्त करत नाहीत. सोडून टाकतात आणि ‘फिर से’ म्हणतात. हिची गाठ पुन्हा पुन्हा सुटली. मागे रांग खोळंबलेली, बोटं थंडीनं बधिर झालेली, डोळ्यांत पाणी. तरी कोणी पुढे होऊन गाठ मारून दिली नाही. शेवटी जमली तेव्हा उस्तादांनी नुसती मान हलवली, आणि ती कड्याला भिडली. खाली दुसऱ्या टोकाचा दोर धरून एकजण उभा होताच.

ही हकिगत ऐकल्यापासून मी पालकपणाकडे त्या उस्तादांसारखं बघू लागले. गाठ मुलांनी मारायची, आपण ती तपासायची, आणि मग दोर धरून उभं राहायचं. आपल्या घरांत गडबड होते ती पहिल्याच पायरीवर. रांग खोळंबलेली आपल्याला बघवत नाही. बँकेतला फॉर्म आपण भरतो, तिकीट आपण काढतो, डॉक्टरांना मुलाच्या पोटात कुठे दुखतंय तेही आपणच सांगतो. मुलगा शेजारी बसून ऐकत असतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातला एक फोन तुम्हाला सांगायलाच हवा. ती आसामात, जोरहाटजवळच्या निमाती घाटावर होती. ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर जाणाऱ्या फेरीबोटी तिथून सुटतात. पूर्वेकडे थंडीत सूर्य फार लवकर मावळतो. आपल्याकडे चहाची वेळ असते तेव्हा तिथे अंधारून आलेलं असतं. तिची बस उशिरा पोचली आणि शेवटची फेरी निघून गेली होती.

“आई, बोट गेली गं. घाट रिकामा होत चाललाय.”

“तू उभी कुठे आहेस? आजूबाजूला कोण आहे?”

“चहाच्या टपरीपाशी. दोघी बायका आहेत, आवराआवर करतायत.”

“बरं. मग आता काय करायचं म्हणतेस?”

पलीकडे काही क्षण काहीच आवाज नाही. माझ्या शेजारी तिच्या बाबांनी एव्हाना मोबाइलवर जोरहाटची हॉटेलं उघडली होती. मी हातानं त्यांना थांबवलं. मग ती म्हणाली, “या मावशी जोरहाटकडेच चालल्यात. त्यांच्याबरोबर शेअर रिक्षानं जाते. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये राहते, सकाळच्या पहिल्या बोटीनं परत येते.”

“ठीक आहे. खोलीत पोचलीस की कळव.”

तिचा मेसेज येईपर्यंत आमच्या घशाखाली घास उतरला नाही. पण तो निर्णय तिचा होता, आणि चांगला होता. आम्ही इथून हॉटेल बुक करून दिलं असतं, तर तीच रात्र तिच्या मनात ‘आईबाबा होते म्हणून निभावलं’ अशी नोंदली गेली असती. दुसऱ्या दिवशी ती माजुलीला पोचली. बांबूच्या खांबांवर उभ्या असलेल्या मिसिंग जमातीच्या लोकांच्या घरात राहिली. सामागुरी सत्रात, म्हणजे तिथल्या वैष्णव मठात, बांबूच्या सांगाड्यावर कापड, माती आणि शेण लिंपून मुखवटे कसे करतात ते शिकली. नदी त्या बेटाचा काठ दर पुरात कसा तोडून नेते, त्याच्या खुणा तिनं उभं राहून पाहिल्या. भूगोलाच्या पुस्तकात ‘नदीकाठाची धूप’ म्हणून एक ओळ असते. ती आता या विषयावर बोलते तेव्हा तिला शेत गमावलेल्या माणसाचा चेहरा आठवत असतो.

आता सुरक्षिततेचं. मुलीच्या आईला ‘काही होत नाही गं’ असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. होतं. म्हणूनच निघायच्या आधी बसून बोलायचं असतं. आमच्यात ठरलं होतं, की अनोळखी गावात अंधार पडल्यावर पोचायचं नाही, गाडीच तशी असेल तर उजाडेपर्यंत स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये थांबायचं. पहिल्या रात्रीचा मुक्काम आधी ठरलेला हवा. कुठल्याही जागी, कुठल्याही माणसासोबत मनात पाल चुकचुकली, तर भरलेले पैसे सोडून उठायचं. त्या पैशांचा हिशेब आम्ही कधीही विचारणार नाही. ११२ आणि रेल्वेचा १३९ हे नंबर पाठ हवेत. लेहसारख्या साडेतीन हजार मीटरवरच्या गावात विमानानं थेट उतरलं, तर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, कितीही तरतरीत वाटलं तरी. स्पितीत रोख पैसे जवळ हवेत, कारण नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट लागतं, ते तिनंच काढलं. रोज रात्री एक मेसेज. एवढंच. लाइव्ह लोकेशन आम्ही मागितलं नाही. नकाशावरचा तो ठिपका तासन्‌तास बघत बसलेली आई मुलीला सुरक्षित ठेवू शकत नाही, ती फक्त स्वतःचं रक्त आटवते.

त्रासही झाला. एका तीर्थक्षेत्री धर्मशाळेनं ‘एकट्या मुलीला खोली देत नाही’ म्हणून तिला दारातून परत पाठवलं. ती तिथे भांडली, उपयोग झाला नाही, मग गुरुद्वाऱ्यात राहिली. या गोष्टीचा मला अजून संताप आहे. मुली एकट्या फिरतात तेव्हा त्यांच्यासाठी दारं बंद करणारे आपल्याच पिढीचे लोक आहेत, हे आपण मान्य करायला हवं.

मुलग्यांच्या आयांशीही थोडं बोलायचंय. मुलाला एकटं पाठवताना आपल्याला भीती कमी वाटते, आणि त्याची तयारीही आपण कमी करून घेतो. कुकर लावता येत नाही, शर्ट धुता येत नाही, ताप आला की तोंड लहान होतं. त्याच्या स्वातंत्र्याची सुरुवात लडाखला नाही, तुमच्या ओट्यापाशी आहे. निघायच्या आधी महिनाभर घरचा स्वयंपाक त्याच्याकडे द्या.

ज्यांना पुढे शिकायचंय त्यांनी नियम आधी वाचावेत. बऱ्याच कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, तेवढ्यावर भागतं. पण कोणी बारावीनंतरच वर्षभर थांबणार असेल, तर काही प्रवेश परीक्षा बारावीनंतर ठरावीक वर्षांतच देता येतात. तिथे घाई झालेली बरी.

सगळ्यात अवघड भाग मात्र पुढेच असतो, मूल परत आल्यावर. त्याबद्दल कोणी बोलत नाही. लेक परत आली तेव्हा तिच्यासाठी आम्ही एक चांगली नोकरी बघून ठेवली होती. ओळखीतली, सुरक्षित, घरापासून जवळ. तिनं ती शांतपणे नाकारली. गावांमधल्या पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत, निम्म्या पगारावर, ती रुजू झाली. घरात पहिल्यांदाच असं झालं, की ती आवाज न चढवता आमच्याशी असहमत झाली आणि आम्हाला तिचं म्हणणं खोडून काढता आलं नाही. तिच्या बाबांना हे पचायला वेळ लागला. मुलं स्वतंत्र व्हावीत असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपल्या मनात एवढंच असतं, की त्यांनी तिकिटं स्वतः काढावीत आणि नोकरी, लग्न, घर यांबद्दल मात्र आपलं ऐकावं. असं अर्धं स्वातंत्र्य कोणाला मिळत नाही. रात्री रिकाम्या घाटावर स्वतःचा निर्णय घेणारी मुलगी नोकरीचा निर्णयही स्वतःच घेणार. हे ज्यांना नको असेल त्यांनी मुलांना पाठवू नये, असं मी स्पष्टच सांगते. मला विचाराल तर पाठवावं. नाही म्हणता येणाऱ्या मुलीची काळजी मला आता पूर्वीपेक्षा कमी वाटते, मग ते ‘नाही’ आम्हाला उद्देशून असलं तरी.

तेव्हा तुमच्या घरात हा विषय निघाला, तर ताबडतोब होकार देऊ नका आणि नकारही देऊ नका. मुलाला सांगा, कुठे जाणार, कसा जाणार, पैसे किती लागतील, आजारी पडलास तर काय करशील, ते सगळं कागदावर लिहून आण. रविवारी जेवण झाल्यावर शेजारी बसा, कागद वाचा, चुकलेलं दाखवा. दुरुस्त त्याचं त्यालाच करू द्या.