यंत्राचा ठेका आणि माणसाची उपज

पूर्वीं रचून ठेविलेलें गाणें नीट म्हणून दाखविणें ही संगीतांतील एक कला आहे. आणि श्रोत्यांसमोर त्याच क्षणीं जें सुचेल तें सुरांत व तालांत बसवून दाखविणें ही दुसरी. ह्या दुसरीस आपल्याकडील गवई ‘उपज’ म्हणतात. तीच कला अलीकडे विजेवर चालणाऱ्या एका लहानशा यंत्रावर साधितां येते. त्या यंत्रास ग्रूव्हबॉक्स असें म्हणतात. हें नांव जपानांतील रोलंड कंपनीनें १९९६ सालीं एमसी-३०३ ह्या आपल्या यंत्रास दिलें, व पुढें तें त्या जातीच्या सर्वच यंत्रांस लागलें. त्याहून पुष्कळ लहान यंत्रेंही मागाहून निघालीं. स्वीडनमध्यें २०१५ सालीं निघालेलें पॉकेट ऑपरेटर दोन बारीक सेलांवर चालतें आणि खिशांत मावतें.

“यंत्र आपोआप वाजतें, मग त्यांत विद्या ती कोणती?” असा प्रश्न कित्येक पालकांच्या मनांत येतो. प्रश्न रास्त आहे. परंतु यंत्राची रचना समजून घेतल्यावांचून त्याचें उत्तर देतां येणार नाहीं.

यंत्राची रचना :— ग्रूव्हबॉक्समध्यें तीन गोष्टी एकत्र असतात. पहिली, ढोल, झांज, टाळी इत्यादिकांसारखे ध्वनि उत्पन्न करणारा भाग. दुसरी, खर्जाचे व वरचे सूर काढणारा सिंथेसायझर. आणि तिसरी, कोणता ध्वनि केव्हां वाजावा हें लक्षांत ठेवणारा सीक्वेन्सर. ह्या तिसऱ्या भागांतच यंत्राचें मर्म आहे. पुष्कळ यंत्रांवर त्यासाठीं १६ बटनें असतात. त्रितालाच्या १६ मात्रा ज्यांस ठाऊक आहेत त्यांस ही योजना ओळखीची वाटेल. मात्र येथें चार बटनें मिळून एक ठोका होतो. मिनिटास १२० ठोके अशी लय ठेविली, तर एका ठोक्यास अर्धा सेकंद, एका बटनास सेकंदाचा आठवा भाग, आणि १६ बटनांच्या आवर्तनास बरोबर २ सेकंद लागतात. आवर्तन संपतांच यंत्र पुनः पहिल्या बटनावर येतें.

यंत्र जवळ नसतांही हें करून पाहतां येईल. वहींत एका ओळींत १६ चौकटी आंखा. १, ५, ९ व १३ ह्या चौकटींत ‘ढो’ लिहा. ५ व १३ ह्यांतच ‘टा’ हेंही लिहा. आणि ३, ७, ११ व १५ ह्यांत ‘झां’ लिहा. एकानें सावकाश अंक मोजावे, व इतर तिघांनीं एकेक अक्षर वांटून घेऊन तें आपापल्या चौकटीवर उच्चारावें. चार-पांच आवर्तनांत जो ठेका उभा राहील, तोच जगांतील असंख्य नृत्यगीतांचा पाया आहे.

श्रोत्यांसमोरील वादन :— ठेका भरून ठेवणें ही केवळ पूर्वतयारी होय. प्रत्यक्ष वादनांत वादक बहुधा प्रथम एकटा ढोल चालूं ठेवितो. श्रोत्यांचे कान स्थिरावले कीं झांज मिळवितो, आणि मग खर्जाचे दोन-तीन सूर. कोणता भाग केव्हां मुका करावा व केव्हां बोलता करावा, हें सर्वस्वीं त्याच्या हातीं असतें. फिल्टर नांवाची एक खुंटी असते. ती एका बाजूस फिरविली म्हणजे उंच कंप अडतात, आणि शेजारच्या घरांतील गाणें बंद दारांतून ऐकूं यावें तसा आवाज दबका होतो. तीच खुंटी हळूहळू उघडली म्हणजे दार उघडल्याप्रमाणें आवाज स्पष्ट होतो. सूर तेच राहतात, पण भाव पालटतो. वादकानें नवा ठेका निवडला तर बहुतेक यंत्रें चालूं आवर्तन पुरें होऊं देतात व मगच तो सुरू करितात. म्हणून सम येण्यापूर्वींच पुढचा विचार मनांत तयार असावा लागतो.

कठीण प्रसंग चुकीच्या वेळीं येतो. वहींत चुकलेलें अक्षर कोणी पाहण्यापूर्वीं खोडतां येतें. येथें भलत्याच चौकटींत पडलेला सूर २ सेकंदांनीं सर्वांसमक्ष पुनः वाजतो. अशा वेळीं वादकापुढें दोन मार्ग असतात. तो सूर शांतपणें काढून टाकावा, किंवा त्याच्या शेजारीं दुसरा योग्य सूर ठेवून त्यास अर्थ आणावा. दुसरा मार्ग ज्यास साधतो त्याचा कान तयार झाला असें समजावें.

मुंबईतील उदाहरण :— हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार इत्यादि वाद्यें वाजविणारे मुंबईचे चरणजित सिंग ह्यांनीं १९८२ सालीं दहा रागांची एक तबकडी काढिली. रोलंड कंपनीचीं टीआर-८०८ व टीबी-३०३ हीं ठेक्याचीं व खर्जाचीं यंत्रें त्यांनीं चालूं ठेविलीं, आणि त्यांवर भैरव, भूपाळी, यमन, मालकंस आदि राग स्वतः सिंथेसायझरवर वाजविले. त्या वेळीं तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९८७ च्या सुमारास अमेरिकेंतील शिकागो शहरीं टीबी-३०३ च्याच आवाजावर एक नवें नृत्यसंगीत उदयास आलें. आणि २०१० सालीं ही तबकडी पुनः प्रसिद्ध झाली तेव्हां पाश्चात्य रसिक चकित झाले. २०१५ सालीं निवर्तण्यापूर्वीं सिंग ह्यांस युरोपांतील श्रोत्यांसमोर तें वाजविण्याचा योग आला. तीं यंत्रें इतरांसही विकत मिळत होतीं. रागांचें ज्ञान व वर्षानुवर्षांचा हाताचा सराव मात्र दुकानांत मिळत नव्हता.

यंत्राची मर्यादा :— ग्रूव्हबॉक्सची लय घड्याळासारखी असते. कसलेला तबलजी गायकाच्या श्वासाबरोबर लय जशी सांभाळून घेतो, तशी ती आपण होऊन घेत नाहीं. परंतु अशा उणिवा आपल्या उपासनामंदिरांतील बाजाच्या पेटींतही आहेत. पॅरिस येथें १८४२ सालीं पेटंट झालेल्या ह्या वाद्यावर मींड निघत नाहीं, ह्या आक्षेपावरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं त्यास बंदी केली, आणि १९७१ सालीं ती अंशतः उठविली. मधल्या काळांत भजनें कांहीं थांबलीं नाहींत. वाद्याची उणीव वादकानें ओळखली म्हणजे ती फारशी बाधत नाहीं.

उपज म्हणजे तयारीचा अभाव, हा समजही सोडला पाहिजे. १७४७ सालीं प्रशियाचा राजा फ्रेडरिक ह्यानें पॉट्सडॅम येथें बाख ह्यास एक स्वरावली दिली, आणि ६२ वर्षांच्या त्या संगीतकारानें जागच्या जागीं तिच्यावर तीन स्वरप्रवाहांची रचना वाजवून दाखविली. त्या कांहीं मिनिटांच्या पाठीशीं अर्ध्या शतकाची उपासना होती.

पालकांस विनंति :— आपला मुलगा वा मुलगी असें यंत्र वाजवीत असेल, तर तीन गोष्टी विचाराव्या. यंत्र बंद करून तोच ठेका हातानें धरितां येतो काय? त्यांतील सूर स्वतःच्या गळ्यांतून काढितां येतात काय? आणि वाजवितांना कोठें काय बदललें व कां, हें सांगतां येतें काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी आल्यास तो अभ्यासच आहे, असें निःशंक मानावें. न आल्यास यंत्र हिसकावून न घेतां, टाळीपासून व गळ्यापासून शिक्षणास आरंभ करावा.

मुलांनो, यंत्र ठेका धरील, परंतु पुढचा सूर कोणता हें तें तुम्हांलाच विचारील. त्याचें उत्तर देतां यावें म्हणून रोज थोडा वेळ कान व हात झिजवा. देवानें दिलेलें दान जमिनींत पुरून ठेवूं नये, आणि तें यंत्राच्या पेटींतही पुरून ठेवूं नये.