शाईची तपासणी: खर्च कशाचा, भरायचा कुणी?

वावराच्या इसारपावतीवर 50,000 चे 5,00,000 झाले, किंवा सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर आकडा भलत्यानेच टाकला. अकोला-अमरावतीच्या कोर्टात असा वाद गेला की पक्षकाराचा पहिला प्रश्न असतो, ‘शाई तपासायला किती लागतील?’ अर्ज करण्याआधी हिशेब मांडा.

चाचणीत काय कळते?
तज्ज्ञ पोकळ सुईने रेघेतून मिलिमीटरभराचे काही ठिपके काढतो, बॉलपेनची शाई पिरिडिनमध्ये विरघळवतो आणि तिचा थेंब सिलिका लावलेल्या पट्टीवर देतो. पट्टी द्रावकात उभी केली की शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. शेजारशेजारच्या दोन शाईंचे रंग जुळले नाहीत, तर शाई वेगळी. जुळले, तरी पेन एकच होते असे सिद्ध होत नाही. तसली पेने गल्लोगल्ली विकली जातात. जेल पेनची शाई बरेचदा विरघळतच नाही. मजकूर कधी लिहिला, हेही पट्टी सांगत नाही. वाद फक्त तारखेचा असेल, तर या चाचणीवर पैसे घालू नका.

साहित्य किती लागते?
20 × 20 सेंमीच्या एका पत्र्यातून 5 × 10 सेंमीच्या 8 पट्ट्या निघतात. 25 पत्र्यांच्या खोक्यातून 200. एका वेळेला इथाइल अॅसिटेट 7, इथेनॉल 3.5 आणि पाणी 3 मिली पुरते. रसायनांचा खर्च किरकोळ. बिल फुगते ते तज्ज्ञाचा वेळ, अहवाल आणि साक्षीसाठीच्या फेऱ्यांनी.

पैसे कोण भरतो?
गुन्हा नोंदला असेल, तर कागद पोलीस पाठवतात. दिवाणी दाव्यात आदेश 26, नियम 10-अ खाली अर्ज करावा लागतो. कोर्ट सांगेल ती रक्कम आधी जमा करायची. अमरावतीत प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे म्हणून कागद तिथेच जाईल असे धरून चालू नका. कुठे पाठवायचा, ते आदेशात लिहून घ्या.

खासगी तज्ज्ञाला विचारा
• दर कागदामागे की नोंदीमागे?
• जीएसटी धरून की वगळून?
• साक्षीचे शुल्क व प्रवासखर्च वेगळा का?
• आधी इन्फ्रारेड तपासणी कराल का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. इन्फ्रारेड प्रकाशात काही शाया दिसेनाशा होतात, काही चमकतात. फरक तिथेच दिसला, तर कागदाला सुई लावायचीही गरज उरत नाही. मात्र मूळ कागदच हवा, झेरॉक्सवर यातले काहीच होत नाही.

कोरा चेक सावकाराकडे अडकला असेल आणि त्याच्याकडे परवाना नसेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे 2014 च्या सावकारी कायद्याखाली तक्रार आधी द्या. शाईचा खर्च त्यानंतर ठरवा.