मानवी हक्कांचे रक्षण आणि गांबियाचा खटला

10 डिसेंबर हा दिवस जगभर मानवी हक्क दिन म्हणून पाळला जातो. 1948 साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या आदल्या दिवशी, 9 डिसेंबरला, वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला होता. त्याची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. या दोहोंतील फरक लक्षात घ्यावा. जाहीरनामा ही घोषणा आहे. केवळ तिच्या आधारे कोणत्याही राष्ट्राला न्यायालयात उभे करता येत नाही. करार मात्र त्यात सामील होणाऱ्याला बांधून घेतो. या कराराच्या नवव्या कलमाने वाद हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे नेण्याची वाट खुली ठेवली आहे.

ऑगस्ट 2017 मध्ये म्यानमारच्या लष्कराने राखाइन प्रांतात कारवाई सुरू केली आणि सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आश्रयाला आले. सुरक्षा परिषदेत पाच राष्ट्रांना नकाराधिकार आहे; तेथून काही ठोस निघाले नाही. पीडित स्वतः हेगला जाऊ शकत नव्हते, कारण त्या न्यायालयात फक्त राष्ट्रेच पक्षकार होऊ शकतात. मग बांगलादेशाने दावा का दाखल केला नाही, असा प्रश्न आपल्या मनात येईल. करारात सामील होताना बांगलादेशाने नवव्या कलमाविषयी अट घातली होती. त्यामुळे हा मार्ग त्याला सुलभ नव्हता.

अशा वेळी पश्चिम आफ्रिकेतील गांबिया हे छोटेसे राष्ट्र पुढे आले. बावीस वर्षांच्या हुकूमशाहीतून ते नुकतेच बाहेर पडले होते. त्याचे कायदामंत्री अबूबकर तंबादू यांनी पूर्वी रवांडा न्यायाधिकरणात काम केले होते. 2018 साली कॉक्स बझारच्या छावण्यांत निर्वासितांच्या तोंडून त्यांनी जे ऐकले, ते त्यांना परिचित वाटले. इस्लामी सहकार्य संघटनेच्या पाठिंब्याने गांबियाने 11 नोव्हेंबर 2019 रोजी दावा दाखल केला. म्यानमारची बाजू मांडायला आंग सान सू ची स्वतः हेगला आल्या. शांततेचे नोबेल मिळालेल्या व्यक्तीने लष्कराचा बचाव करावा, हे दृश्य विषण्ण करणारे होते.

म्यानमारचा एक आक्षेप असा होता, की या प्रकरणात गांबियाचे स्वतःचे काहीच नुकसान झालेले नाही, तेव्हा दावा करण्याचा त्याला अधिकार कोठून आला? येथे हिल्फुल फुजूलची आठवण होते. यमनमधील जबीदच्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केच्या आस बिन वाइलने घेतला आणि पैसे देण्याचे नाकारले. त्या परक्या माणसाला मक्केत ना कुळ होते ना पाठीराखा. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही कुळांनी शपथ घेतली, की अन्याय कोणावरही होवो, आपण पीडिताच्या बाजूने उभे राहू. तरुण मुहम्मद (स.) तेथे उपस्थित होते आणि प्रेषितत्वानंतरही त्यांनी त्या कराराचा गौरवाने उल्लेख केला. शपथ घेणाऱ्यांचे तरी स्वतःचे काय हरवले होते? 22 जुलै 2022 रोजी न्यायालयाने म्यानमारचा हा आक्षेप 15 विरुद्ध 1 मतांनी फेटाळला. वंशसंहार रोखण्यात करारातील प्रत्येक राष्ट्राचे हित गुंतलेले आहे, असे त्याने ठरवले.

त्यापूर्वी, 23 जानेवारी 2020 रोजी, न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिले होते: वंशसंहाराची कृत्ये रोखावीत, पुरावे नष्ट होऊ देऊ नयेत, चार महिन्यांत व नंतर दर सहा महिन्यांनी अहवाल द्यावा. हे आदेश बंधनकारक आहेत, परंतु न्यायालयाजवळ पोलीस नाहीत. अंतिम निकाल न पाळल्यास सनदेच्या 94 व्या कलमानुसार दाद मागायची ती पुन्हा सुरक्षा परिषदेकडेच, म्हणजे त्याच नकाराधिकाराच्या दारात.

मग मानवी हक्क परिषदेच्या ठरावांना आणि चौकशी समित्यांना निरर्थक म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. परिषदेने 2017 साली नेमलेल्या सत्यशोधन मंडळाला म्यानमारने देशात पाऊल ठेवू दिले नाही. मंडळाने सीमेपलीकडे निर्वासितांच्या साक्षी नोंदवल्या, उपग्रहांची छायाचित्रे तपासली. त्याचे अहवाल अनेकांना कागदी वाटले होते. गांबियाच्या दाव्याने आणि न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने त्याच अहवालांचा आधार घेतला.