आउटडोअर युनिट गच्चीवर की भिंतीवर?

प्रश्न : आमचं घर चंद्रपूरजवळ दुर्गापूरला आहे. मेकॅनिक एसीचं बाहेरचं युनिट गच्चीवर उघड्यावर ठेवू म्हणतो. चालेल का? – एक वाचक

उत्तर : शक्यतो नको. एसीची क्षमता साधारणपणे बाहेर 35 अंश तापमान धरून मोजतात. तुमच्याकडे मे महिन्यात पारा 46-47 वर जातो, आणि तापलेल्या स्लॅबलगतची हवा त्याहूनही गरम असते. युनिटला आतली उष्णता याच हवेत सोडायची असते. हवा जितकी गरम, तितका कॉम्प्रेसरवर ताण आणि बिलही जास्त. म्हणून उत्तरेची भिंत निवडा, ती नसेल तर पूर्वेची, पश्चिमेची टाळाच. पंख्यासमोर दोन-तीन फूट मोकळे हवेत, मागेही कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलं अंतर सोडा. सावली हवी, पण ग्रीन नेट युनिटला गुंडाळू नका. गरम हवा कोंडून तीच पुन्हा आत ओढली जाते.

दुर्गापूरला कोळशाची धूळ आणि औष्णिक केंद्राची राख, दोन्ही आहेत. कॉइलवर त्यांचा थर बसला की गारवा कमी होतो. त्यामुळे युनिट हात पोचेल अशा जागी बसवा आणि उन्हाळ्यात दर महिन्याला मेन स्विच बंद करून साध्या पाण्याच्या हलक्या धारेने कॉइल धुवा. उंच भिंतीवर टांगलेलं युनिट कोणी धूत नाही, हे मी नेहमी पाहतो. आणि पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावायला सांगा; नुसता गॅस सोडून हवा काढणं मान्य करू नका.