सोनेरी घड्याळाचें मोल

फ्रान्स देशांत थंडीच्या निवारणासाठीं घराच्या भिंतींत शेकोटी बांधीत. तिच्यावरील फळीवर श्रीमंत लोक शोभिवंत घड्याळ ठेवीत. अशा घड्याळाची ओळख आपण करून घेऊं.

सोळाव्या लुईच्या कारकीर्दींत (१७७४–१७९२) घडविलेल्या पुष्कळ घड्याळांची बैठक शुभ्र संगमरवराची असे. तीवर काशाचीं पानें, फुलें व मूर्ति, आणि त्यांवर सोन्याचा मुलामा. आंत पोलादी कमान चाकांना गति देते व लंबक त्या गतीला शिस्त लावतो. लंबकाचें घड्याळ प्रथम हॉलंडांतील शास्त्रज्ञ हायगेन्स यानें १६५६ सालीं योजिलें.

परंतु आमच्या मतें खरा बोध त्या मुलाम्यांत आहे. सोनें पाऱ्यांत विरघळतें. त्या लोण्यासारख्या मऊ मिश्रणाचा लेप काशावर देऊन ती वस्तु विस्तवावर तापवीत. पारा ३५७ अंश सेंटिग्रेडला उकळतो. त्याची वाफ होऊन जाई व सोनें काशाला घट्ट बिलगून राही. पण ती वाफ जाई कोठें? कारागिराच्या श्वासांत! त्या विषानें हात कांपूं लागत, दांत हालत, आणि कित्येकांना अकालीं मृत्यु येई. तबकडीवर घड्याळजीचें नांव असे. मुलामा देणाऱ्याचें नांव सहसा कोठेंच नसे.

पॅरिसचा आंत्वान-आंद्रे राव्हरिओ हा काशाच्या कामाचा नामांकित कारखानदार. याच धंद्यावर तो मोठा झाला, पण कारागिरांचे हाल तो विसरला नाहीं. १८१४ सालीं तो वारला. या वाफेपासून कारागिरांचें रक्षण करण्याचा उपाय जो शोधील, त्यास ३,००० फ्रँकांचें बक्षीस द्यावें, अशी तरतूद त्यानें मृत्युपत्रांत केली होती. १८१८ सालीं तें बक्षीस द'आर्से या रसायनशास्त्रज्ञानें मिळविलें. त्याची युक्ति साधी होती. धुराड्यांतील हवा निराळ्या विस्तवानें तापवावयाची. ती हलकी होऊन वर चढे व भट्टीवरील विषारी वाफ आपल्यामागें ओढून नेई. पुढें १८४० नंतर विजेच्या साहाय्यानें मुलामा देण्याची रीत पसरली आणि पारा हळूहळू मागें पडला.

उष्ण हवा वर जाते, हें वाक्य आपण वर्गांत नुसतें पाठ करितों. कारागिरांची कळकळ असलेल्या एका माणसानें प्रश्न विचारला, तेव्हां त्याच वाक्यानें दुसऱ्यांचे प्राण राखण्याचा मार्ग दाखविला. ज्ञानाला दयेची जोड मिळाली म्हणजे काय घडतें, हें त्या सोनेरी घड्याळाकडे पाहतांना आपण ध्यानांत ठेवावें.